खर्च रयतेचा, हिशेब रेसिडेंटाचा

(गुलमंडी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक गुलमंडीत भरली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या पोटातला हा बाजार. इथून पैठण गेटाबाहेर पडून पुढे गेले की क्रांती चौक लागतो. त्याला पूर्वी काळा चबुतरा म्हणत. पश्चिमेला खाम नदी ओलांडली की छावणी लागते. बियाणे न्यायला, कापूस घालायला, कोर्टाच्या तारखेला या शहरात आलेला शेतकरी या दोन्ही जागांवरून कधी ना कधी गेलेलाच असतो.

हे शहर अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. इंग्रजांचे राज्य इकडे नव्हते, असेच आपण ऐकत आलो. मग निजामाच्या शहराबाहेर गोऱ्या अधिकाऱ्यांची छावणी कशी पडली? जून १८५७ मध्ये इथल्या घोडेस्वारांनी दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला जाणार नाही असे सांगितले, तेव्हा त्यांना मोडून काढायला पुण्याहून जनरल वुडबर्न कसा आला? कुणाला फासावर चढवले, कुणाला तोफेच्या तोंडी दिले. ही माणसे नेमकी कोणाची चाकर होती? आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न असा की त्यांचा पगार कोण देत होते?

पगार देत होती मराठवाड्याची आणि वऱ्हाडाची रयत. ज्वारी आणि कपाशी पिकवणारे तुमचे आमचे खापरपणजोबा. आज आम्ही भावाचा विषय घेऊन उभे नाही. त्या पगाराचा हिशेब घेऊन उभे आहोत. हा हिशेब दीडशे-दोनशे वर्षांचा जुना आहे, पण तो ज्या रीतीने लिहिला गेला ती रीत जुनी झालेली नाही.

गादीवर राजा, गादीमागे रेसिडेंट

इंग्रजांनी हिंदुस्थानात दोन तऱ्हेने राज्य केले. मुंबई, मद्रास, बंगाल असे मुलूख त्यांनी स्वतः चालवले. बाकीचा, साधारण दोनपंचमांश देश साडेपाचशेच्या वर संस्थानिकांच्या नावावर ठेवला. साताऱ्याची गादी त्यांनी १८४८ साली खालसा केली, नागपूरची १८५४ साली. मग हैदराबाद, कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर का राखले? त्यांना राजांचा लळा होता म्हणून नाही. राजा गादीवर राहिला की गावोगाव वसूल करण्याचा त्रास त्याच्या माथी, रयतेच्या शिव्याही त्यालाच. इंग्रजांनी त्याच्या दरबारी एक माणूस बसवायचा. मोठ्या संस्थानात त्याला रेसिडेंट म्हणत, लहान संस्थानात पोलिटिकल एजंट. परराज्याशी बोलायचे ते याच्या मार्फत. दिवाण नेमायचा तो याला चालेल असा.

राजाला मानपान भरपूर मिळत असे. निजामाला २१ तोफांची सलामी होती, कोल्हापूरला १९ तोफांची. दिल्लीच्या दरबारात कोणाची खुर्ची कुठे, यावरून राजेलोक एकमेकांशी भांडत. तोफा मोजण्यात राजा गुंतला की तिजोरीची मोजणी दुसरा करतो. हैदराबादेत कोठी भागात रेसिडेंटाचा वाडा आजही उभा आहे. कर्कपॅट्रिक नावाच्या रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो बांधला. मोठमोठे खांब, दारात दगडी सिंह. त्याचाही खर्च निजामाने दिला. ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्याच्याच पैशाने पहारेकऱ्याचा वाडा, अशी ही सुरुवात होती.

न मागितलेली फौज

निजाम अली खानाने १७९८ साली इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. मराठ्यांची भीती होती, खर्ड्याला १७९५ साली मार खाल्लेला होता. इंग्रजांची फौज राज्यात राहील, निजामाचे रक्षण करील, खर्च निजाम देईल, असा तो करार. रोख खर्च देणे जड जाऊ लागले तेव्हा १८०० साली दुसरा तह झाला. टिपू सुलतानाच्या मुलुखातून निजामाच्या वाट्याला आलेले बल्लारी, कडप्पा हे जिल्हे त्याने या फौजेच्या खर्चापोटी कायमचे देऊन टाकले.

इथे हिशेब मिटायला हवा होता. फौजेचा खर्च जमिनीने फेडला, विषय संपला. पण तहाच्या बाराव्या कलमात आणखी एक गोष्ट होती. लढाई उभी राहिली तर निजामाने आपले ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ इंग्रजांच्या मदतीला पाठवायचे. वाचा नीट. लढाई उभी राहिली तर. इंग्रजांनी या 'तर'चे काय केले? हेन्री रसेल नावाचा रेसिडेंट १८११ साली आला. त्याने निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळी कवायती फौज उभी केली. तिला रसेल ब्रिगेड म्हणत. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. पेशवाई १८१८ साली बुडाली, पेंढारी संपले, लढाई सरली. फौज मात्र सरली नाही.

ती राहिली कुठे? औरंगाबादच्या छावणीत, हिंगोलीत, मोमिनाबादेत म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, एलिचपुरात म्हणजे अचलपुरात, आणि हैदराबादेजवळ बोलारमला. जालन्यात तैनाती फौजेचा तळ वेगळाच. तुमच्यापैकी निम्मे लोक या गावांच्या आसपासचे आहेत. कंटिंजंटचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपयांवर गेला. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि भत्ते असे होते की या नोकरीत शिरायला धडपड चाले.

ही फौज काय करी? निजामाची सत्ता राखी. १८१९ साली हिंगोली-नांदेड पट्ट्यात नोव्हाच्या गढीत नौसाजी नाईक हटकरांना घेऊन उभा राहिला, तेव्हा गढीला वेढा घालून ती फोडली ती याच फौजेने, मेजर पिटमनच्या हुकुमाखाली. पूर्वी राजाने रयतेला फार पिळले तर रयत गाव सोडून दुसऱ्याच्या मुलुखात जाई, किंवा एखादा नाईक, देशमुख उठाव करी. राजाला थोडा तरी धाक असे. तैनाती फौज आली आणि राजाचा धाक गेला. रयत राजी असो की नाराज, गादीला पहारा परक्याचा. मद्रासकडे नाव कमावलेला टॉमस मन्रो हा इंग्रज अधिकारी. त्याने १८१७ साली गव्हर्नर जनरलला लिहिलेल्या पत्रात हाच दोष दाखवला होता. अशा फौजेमुळे देशी राज्यकर्ता दुबळा आणि जुलमी होतो, रयत भिकेला लागते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे त्यांना माहीत नव्हते असे नाही.

पामरची पेढी

आता ४० लाख आणायचे कुठून? निजामाचा पेशकार चंदूलाल १८०६ पासून १८४३ पर्यंत कारभाराच्या किल्ल्या धरून होता, आणि त्याच्या पाठीशी रेसिडेन्सी होती. त्याने महाल इजाऱ्याने दिले. जो जास्त बोली बोलेल त्याला तालुका. बोली बोलणाऱ्याने आधी पैसे भरायचे आणि मग रयतेकडून वसूल करायचे. आज भरलेला तालुका उद्या दुसऱ्याने जास्त बोली लावून न्यावा, अशी दशा. मग जो काही महिने आहे तो काय करील? विहिरीतला गाळसुद्धा उपसून नेईल. पेरणीच्या आधी वसूल, खळ्यावर वसूल, वसूल नाही तर बैल सोडून न्यायचे.

तेवढ्यानेही भागेना, तेव्हा कर्ज. विल्यम पामर हा एका इंग्रज जनरलचा हिंदुस्थानी आईपोटी झालेला मुलगा. त्याने हैदराबादेत पेढी काढली. गोऱ्या माणसांनी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा विलायतेचा कायदा होता. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने १८१६ साली या पेढीपुरती त्यातून सूट दिली. पेढीत विल्यम रम्बोल्ड नावाचा भागीदार होता, आणि त्याची बायको हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली. पेढी औरंगाबादच्या आणि वऱ्हाडातल्या फौजेचा पगार आगाऊ द्यायची, बदल्यात तिला महालांचा वसूल तोडून मिळायचा. व्याज वर्षाला शेकडा १८ पासून २५ पर्यंत. आपल्या गावच्या सावकाराला नावे ठेवणारे विलायती साहेब इथे स्वतः सावकार झाले होते.

पुढे चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला. त्याने हे प्रकरण उघडे पाडले. पेढीचे देणे भागवायला १८२३ साली काय केले गेले पाहा. आंध्रकिनाऱ्याच्या उत्तर सरकार मुलुखाबद्दल इंग्रज निजामाला दर वर्षी ७ लाख रुपये पेशकश देत होते. ती कायमची बंद करून त्याच्या बदल्यात सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी दिले, आणि ते पेढीच्या कर्जात गेले. दरसालचे बांधलेले उत्पन्न बुडाले. पेढीचेही पुढच्याच वर्षी दिवाळे निघाले. फौज मात्र जागच्या जागी आणि तिचा ४० लाखांचा खर्चही.

१८५३ ची पट्टी

मोंढ्यात माल घातल्यावर आपल्याला पट्टी मिळते. वर वजन आणि भाव, खाली अडत, हमाली, तोलाई, आणि आधी घेतलेली उचल. कधी कधी असेही होते की गाडीभर माल देऊन शेतकरीच देणेकरी निघतो. १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने निजामाच्या हातात अशीच पट्टी ठेवली. कंटिंजंटचा पगार थकला, तो कंपनीने आपल्या तिजोरीतून भागवला, त्यावर व्याज चढले, एकूण देणे ४० लाखांच्या वर. पैसे द्या, नाही तर मुलूख द्या. पुण्याहून गोऱ्या पलटणी निघतील असाही धाक घातला गेला. निजाम नासिरुद्दौला तयार नव्हता. रेसिडेंट कर्नल लो रोज तगादा लावी. शेवटी २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. वसूल ते करणार, फौजेचा खर्च त्यातून भागवणार, दर वर्षी निजामाला हिशेब देणार आणि उरले तर परत करणार.

भावांनो, आता या पट्टीची उलटी बाजू वाचू.

पहिली गोष्ट. ही फौज शांततेच्या काळात पोसायला निजाम बांधलेला होता का? खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात लिहून ठेवले की १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमाने निजाम तसा बांधलेला आहे असे प्रामाणिक माणूस म्हणून आपल्याला म्हणता येणार नाही. असे लिहिणाऱ्यानेच पट्टी वसूल केली.

दुसरी गोष्ट. सिकंदराबाद आणि जालना या छावण्यांतल्या दारूचा अबकारी कर १८१२ च्या सुमारापासून इंग्रज घेत होते. मुलूख निजामाचा, तेव्हा कर निजामाचा. वर्षाला लाखभर रुपये धरा आणि चाळीस वर्षे मोजा. ४० लाखांचे देणे आणि ४० लाखांच्या आसपासचे येणे. निजामाच्या बाजूने हे येणे मांडले गेले, पण पट्टीत ते धरलेच नाही. जालन्याच्या दारूचे पैसे पट्टीत जमेला लागले असते तर वऱ्हाड गेले नसते, इतका साधा हा हिशेब आहे.

तिसरी गोष्ट. हैदराबादचाच पुढचा रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन याने १८६० साली वरिष्ठांना लिहून कळवले की १८५३ साली आपले निजामाकडे खरे पाहता फारसे काही येणे नव्हते. सात वर्षांनी कबुली मिळाली. मुलूख परत मिळाला का? ते पुढे ऐका.

हिशेब मागायचा नाही

१८५७ साली निजाम इंग्रजांच्या बाजूला राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० साली नवा तह झाला. धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर परत दिले. सुरपूरचा मुलूख दिला. ५० लाखांचे कर्ज माफ केले. केवढे औदार्य. जे देणे मुळात नव्हते असे त्यांच्याच रेसिडेंटाचे म्हणणे, ते माफ केले. याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. कारण त्याच तहात एक कलम होते. वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने यापुढे मागायचा नाही. कारभारावर किती खर्च करायचा ते इंग्रज सरकार ठरवील. उरले तर देईल.

मुलूख गेला १८५३ साली आणि हिशेब गेला १८६० साली. आमच्या मते दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे होते. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असली तरी हिशेब आपल्या हातात असेल तर ती एक दिवस मागता येते. हिशेब गेला की मागायचे कशाच्या आधारावर?

दिवाण सालारजंग हुशार माणूस होता. १८५३ पासून १८८३ पर्यंत तो दिवाण होता. त्याने इजारे बंद करत आणले, १८६५ साली जिल्हाबंदी करून पगारी तालुकदार नेमले. वऱ्हाड परत मिळावे म्हणून त्याने आयुष्य घालवले, १८७६ साली विलायतेला गेला. निजाम महबूब अली खान अजून लहान आहे, तो वयात येऊ द्या, मग पाहू, असे उत्तर मिळाले. सालारजंग १८८३ साली वारला. निजाम १८८४ साली वयात आला. प्रश्न तिथेच राहिला.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर

आता तुम्ही म्हणाल, निजामाचे नुकसान झाले तर आपल्याला काय? बरोबर विचारता. निजाम गरीब बिचारा होता असे सांगायला आम्ही उभे नाही. त्याच्या राज्यात सुमारे ६० टक्के मुलूख दिवाणीचा, बाकी सर्फेखास म्हणजे निजामाचा खाजगी, नाही तर जहागिरींचा. तिथे वेठ होती, देशमुखी जुलूम होता. वऱ्हाड इंग्रजांकडे गेले तेव्हा तिकडे जमिनीची मोजणी झाली, रयतवारी आली, इजारदाराचा त्रास गेला, रेल्वे आली. हे खोटे नाही, आणि खोटे बोलून आपली बाजू पुढे जात नाही.

पण वऱ्हाडात हे का केले? अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर त्यांची नजर आली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा वेगळा कमिशनर नेमला गेला. खामगावच्या कापूसबाजाराला रेल्वेचा फाटा जोडला, आणि १८७० साली व्हाइसरॉय मेयो स्वतः तिथे आला. व्हाइसरॉय काही ज्वारी पाहायला येत नाही. सारा रोखीने भरायचा, रोख मिळते ती कपाशीने, म्हणून कपाशीचा पेरा वाढला. युद्ध संपले, भाव उतरला, सारा उतरला नाही. मधले अंतर सावकाराने भरले आणि जमीन लिहून घेतली.

अलीकडे मराठवाड्यात वेगळीच तऱ्हा. १८०२ च्या व्यापारी तहाने निजामाची जकात शेकडा ५ वर बांधून टाकलेली. विलायती कापड आत येताना हैदराबादच्या राज्याला आपल्या विणकरांसाठी जास्त जकात बसवता येत नव्हती. नाणे वेगळे, इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार, आणि बट्टा शेतकऱ्याच्या माथी. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. राज्य निजामाचे, पण रुळांखालच्या जमिनीवर अंमल इंग्रजांचा. रुळावर गुन्हा घडला तर कोर्ट वेगळे, रुळाबाहेर घडला तर वेगळे.

अशा दोन धन्यांच्या घरात रयतेची दाद कुठे लागणार? वऱ्हाडच्या शेतकऱ्याने म्हणावे, साहेब, सारा जास्त आहे. साहेब म्हणणार, मुलूख कागदोपत्री निजामाचा आहे, आम्ही विश्वस्त. मराठवाड्याच्या शेतकऱ्याने निजामाकडे जावे, तर फौजेचे आणि जकातीचे कलम रेसिडेंटाच्या हातात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

आणि ही नुसती सोयीगैरसोयीची गोष्ट नव्हती. १८९६-९७ साली दुष्काळ पडला, १८९९-१९०० साली त्याहून मोठा पडला. १८९१ ची शिरगणती आणि १९०१ ची शिरगणती समोरासमोर ठेवा. वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली. हैदराबाद राज्याची सुमारे १ कोटी १५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर. पैनगंगेच्या एका तीरावर इंग्रजी कारभार, दुसऱ्या तीरावर निजामी कारभार. माणसे दोन्ही तीरांवर कमी झाली. कोणाचे राज्य चांगले, याचा वाद घालणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी पाहावेत.

कायमचा पट्टा

या दुष्काळानंतर दोनच वर्षांनी लॉर्ड कर्झन हैदराबादला गेला. नोव्हेंबर १९०२ मध्ये करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने, वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने. 'विश्वस्त' होते ते आता कुळ झाले, आणि कुळही असे की मालकाने कधी काढू नये. त्या २५ लाखांतूनही, दुष्काळात दिलेल्या कर्जाचे हप्ते आधी कापून घ्यायची सोय करून ठेवली. रयत उपाशी मेली त्या सालाचे कर्ज रयतेच्याच जमिनीच्या भाड्यातून वळते. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले आणि कंटिंजंट हिंदी फौजेत मिसळून टाकली. म्हणजे ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड घेतले ती फौज निजामाच्या नावाची राहिली नाही, वऱ्हाड मात्र परत आले नाही. आणि भाडे? पुढे दोन महायुद्धे झाली, महागाई कुठल्या कुठे गेली. भाडे २५ लाखच.

शेवटच्या निजामाने, मीर उस्मान अली खानाने १९२३ साली वऱ्हाड परत मागितले. पहिल्या महायुद्धात त्याने इंग्रजांना अमाप पैसा दिला होता. तो पैसा कुठून आला ते सांगायला नको. १९१८ साली त्याला मोठा किताब मिळाला होता. त्याला वाटले, आपण दोस्त आहोत, बरोबरीने बोलू. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने उत्तर धाडले. इंग्रज बादशहाची सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, तेव्हा कोणत्याही संस्थानिकाला बरोबरीच्या नात्याने बोलणी करता येणार नाहीत, असा त्याचा आशय. सव्वाशे वर्षे तह, कलमे, दोस्ती असे शब्द वापरले आणि शेवटी एका पत्रात खरे काय ते सांगितले. मग १९३६ साली समजूत काढली. निजामाच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी दिली, वऱ्हाडात निजामाचेही निशाण लावायला परवानगी दिली. निशाण निजामाचे, वसूल दुसऱ्याचा.

१९४७ साली इंग्रज गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाची सत्ता संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच वेळी वऱ्हाडही आले. १८५३ साली एका पट्टीने तोडलेले दोन भाग एका राज्यात यायला १०३ वर्षे लागली. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा कोरडवाहू शेतकरी तेव्हा कुठे एका कारभाराखाली आला.

आपण यातून काय घ्यायचे

तुम्ही म्हणाल, निजाम गेला, रेसिडेंट गेला, गोष्ट संपली. आम्हाला तसे वाटत नाही. तलवारीने राज्य घेणारा समोर दिसतो, त्याच्याशी लढता येते. कागदाने राज्य घेणारा दिसत नाही. निजामाकडे दिवाण होते, वकील होते, खजिना होता. तरी तो कागदावर हरला. आपल्याकडे तर बहुतेक वेळा पेनसुद्धा समोरच्याचेच असते.

म्हणून कोणताही कागद समोर आला की चार प्रश्न विचारायचे. सोसायटीचे कर्ज असो, विम्याचा अर्ज असो, मोंढ्याची पट्टी असो, की सौर ऊर्जेसाठी पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन मागायला आलेल्या माणसाचा करार असो.

पहिला प्रश्न. यात लिहिलेला खर्च करायला कोणी सांगितले होते? न मागितलेल्या फौजेचा पगार आपल्या नावावर पडलेला नाही ना?

दुसरा प्रश्न. आपले येणे यात जमेला धरले आहे का? जालन्याच्या दारूचे पैसे लक्षात ठेवा. देणे लिहायला सगळे तयार असतात. येणे आपल्यालाच लिहून घ्यावे लागते.

तिसरा प्रश्न. हिशेब कोण ठेवणार, आणि तो आपल्याला कोणत्या तारखेला दाखवणार? ज्या कागदात हिशेब मागायचा हक्क सोडला आहे, त्यावर कितीही माफी लिहिलेली असो, सही करायची नाही.

चौथा प्रश्न. रक्कम कायमची बांधलेली आहे का? आजचा आकडा मोठा दिसतो. १९०२ साली २५ लाखही मोठेच दिसले होते. भाडे दर साल किती वाढणार, करार मोडायचा हक्क कोणाला, मुदत संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत, हे लिहून घ्यायचे. सौर कंपनी वाईट आणि बँक वाईट असे आम्ही म्हणत नाही. जमीन भाड्याने देणे हा कोरडवाहू माणसाला कधी कधी आधारही होतो. पण न वाचता दिलेली जमीन ही भाड्याने दिलेली नसते, गेलेली असते.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावातून एक कागद घेऊन या. पट्टी आणा, कर्जाचा उतारा आणा, करारनामा आणा. नाव झाकून आणा, कोणाची अब्रू आम्हाला चव्हाट्यावर आणायची नाही. आपण तो इथे सगळ्यांसमोर ओळीने वाचू. मायबहिणींनी मुद्दाम यावे. घरातली कर्जाची तारीख पुरुषांपेक्षा तुमच्याच जास्त लक्षात असते, आणि सात-बारावर नाव नसले तरी फेडण्यात तुमचा वाटा पहिला असतो.

वऱ्हाडाचा हिशेब मागायला सालारजंगाला विलायतेपर्यंत जावे लागले. आपला हिशेब तालुक्याच्या गावी मिळतो. तेवढा तरी आपण मागायला शिकू या.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. ज्यांना परतीची गाडी धरायची आहे त्यांनी खुशाल निघावे. ज्यांनी आजच कागद बरोबर आणला आहे त्यांनी थांबावे, आपण आत्ताच वाचायला बसू.